दोन रात्री, तीनशे डॉलर आणि लास व्हेगास

सबमिशनचा आठवडा होता. रात्री साडेअकराला रूमवर फाईल लिहीत बसले होते आणि दादाचा व्हिडिओ कॉल आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये, फिनिक्सजवळ एम.एस. करतोय.

"अगं, सेमिस्टर संपली की आम्ही चौघं रूममेट व्हेगासला जाणार आहोत. प्रत्येकी तीनशे डॉलर, एक पैसा जास्त नाही. तू होस्टेलच्या मेसचा हिशेब ठेवतेस ना? आम्हाला एक एक्सेलशीट करून दे."

"दादा, मी पणजीच्या पुढे गेलेली नाही. मांडवीतली ती कॅसिनोची जहाजंसुद्धा काठावरूनच पाहिली आहेत."

"म्हणूनच तू कर. जाणाऱ्याचा हिशेब नेहमी कमीच निघतो."

हे मात्र पटलं. मेसमध्येही फीस्टचा अंदाज खाणाऱ्यांनी काढला की तो हमखास चुकतो!

तर मित्रांनो, तीनशे डॉलर म्हणजे डिसेंबर २०२५ च्या भावाने साधारण सत्तावीस हजार रुपये. माझ्या मेसबिलाचे आठ महिने. आणि हे पैसे दादाचे नव्हतेच, बँकेचे होते. मावशीच्या फ्लॅटवर काढलेलं एज्युकेशन लोन, त्यावर रोज चढणारं व्याज. म्हणून मी शीट अगदी सिरियसली केली. आपल्या कॉलेजमधून दरवर्षी सीनियर्स तिकडे जातात आणि पहिल्या सुट्टीत बरेचजण व्हेगासच गाठतात. त्यांना उपयोग होईल म्हणून तो सगळा हिशेब इथे मांडते आहे. पुढे काय झालं तेही सांगते, कारण शीटमध्ये नसलेली एक गोष्ट घडली.

पहिला प्रश्न, कधी जायचं? पोरांचा बेत थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा होता. मी तो पहिल्यांदा खोडला. व्हेगासमध्ये हॉटेलच्या खोलीला ठरलेला भाव नसतो. विमानाच्या तिकिटासारखा तो रोज हलतो. शुक्रवार-शनिवारी तीच खोली रविवार-सोमवारच्या तिप्पट दराला जाऊ शकते, कारण वीकएंडला अख्खं लॉस एंजेलिस तिथे लोटतं. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आत. त्यात जानेवारीत इलेक्ट्रॉनिक्सचं ते मोठं सीईएस प्रदर्शन, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या वीकएंडला फॉर्म्युला वनची रेस (ती २०२३ पासून सुरू झाली), डिसेंबरच्या सुरुवातीला दहा दिवस रोडिओची नॅशनल फायनल्स. रोडिओ म्हणजे उधळलेल्या घोड्यावर-बैलावर किती सेकंद टिकता ते बघायचं. ते बघायला हजारो लोक येतात. २०२५ मध्ये रोडिओ १३ डिसेंबरला, शनिवारी संपणार होता. मी शीटमध्ये रविवार, १४ डिसेंबर टाकला. दोन रात्री राहायचं आणि मंगळवारी परत. गर्दी निघून गेलेली, ख्रिसमसची अजून आलेली नाही. सगळ्या शीटमध्ये सर्वात जास्त पैसे या एका तारखेने वाचवले असं माझं मत आहे.

उन्हाळ्यात खोल्या स्वस्त असतात हे खरं, पण ७ जुलै २०२४ ला तिथे तापमान ४८.९ अंश सेल्सिअस होतं. आपल्या नागपूरच्या मुलांनीसुद्धा हा विचार सोडावा.

जायचं कसं? फिनिक्सहून रस्त्याने साधारण ४८० किलोमीटर. चौघांत भाड्याची गाडी परवडते. पण इथे पहिला छुपा खर्च समोर आला. चालवणाऱ्याचं वय पंचवीसच्या आत असेल तर बहुतेक कंपन्या रोज वेगळी 'यंग रेंटर फी' लावतात. दादा तेवीस वर्षांचा. शिवाय चालवणारे दोघं असतील तर दोघांवरही ती लागू शकते. म्हणून एकच ड्रायव्हर ठरवला. तीन दिवसांचं भाडं, ती फी आणि पेट्रोल मिळून ३३५ डॉलर, म्हणजे डोक्यावर ८४.

आता खोली. दादाने मला एक दर पाठवला. रात्रीला फक्त बत्तीस डॉलर! पोरं खूश. मी खालचं बारीक अक्षर वाचलं. 'रिसॉर्ट फी' रात्रीला चाळीस डॉलर. म्हणजे खोलीपेक्षा फीच मोठी! ही फी कशाची, तर वाय-फाय, जिम, लोकल फोन वगैरे. तुम्ही वापरा नाहीतर नका वापरू, ती द्यावीच लागते. कित्येक वर्षं हॉटेलं मोठ्या अक्षरात फक्त भाडं दाखवायची आणि फी शेवटच्या पानावर यायची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमामुळे १२ मे २०२५ पासून असं करता येत नाही. सक्तीची प्रत्येक फी धरून एकूण किंमत आधीच दाखवावी लागते. पण सरकारी टॅक्स त्या आकड्याच्या बाहेर ठेवायची मुभा आहे आणि पार्किंगही. स्ट्रिपवर खोलीचा टॅक्स १३.३८ टक्के आहे, तो रिसॉर्ट फीवरसुद्धा लागतो. हिशेब करा. बत्तीस अधिक चाळीस बहात्तर, त्यावर टॅक्स, झाले जवळपास ८२. दोन रात्रींचे १६४. चौघांत ४१. म्हणजे बत्तीसची खोली ब्याऐंशीला पडली. तरीही स्वस्तच, पण आधी कळलेलं बरं.

खोलीच्या बाबतीत अजून तीन गोष्टी शीटमध्ये लाल रंगात लिहिल्या होत्या. एक, चेक-इनच्या वेळी हॉटेल कार्डावर डिपॉझिट अडकवून ठेवतं. क्रेडिट कार्ड असेल तर काही वाटत नाही, पण डेबिट कार्ड दिलं तर तेवढे पैसे खात्यातून गोठतात आणि सुटायला कित्येक दिवस लागतात. महिनाअखेरीला स्टुडंटच्या खात्यात असतंच किती! दोन, बऱ्याच हॉटेलांत दोनपेक्षा जास्त माणसं राहिली तर जादा आकार असतो, तो आधी विचारायचा. तीन, खोलीतल्या मिनीबारला हात लावायचा नाही. अक्षरशः हात लावायचा नाही. काही ठिकाणी ट्रेखाली सेन्सर असतो. बाटली उचलून लेबल वाचलं आणि काही वेळाने परत ठेवलं तरी बिलात येते. (इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनो, प्रोजेक्टसाठी आयडिया घ्या.)

वयाचं सांगायचं राहिलंच. नेवाडामध्ये एकवीस पूर्ण झाल्याशिवाय जुगार खेळता येत नाही. त्याआधी कॅसिनोच्या हॉलमधून चालत पलीकडे जाता येतं, पण मशीनपाशी रेंगाळता येत नाही. बहुतेक मोठ्या हॉटेलांत चेक-इन करणाराही एकवीसचा लागतो. म्हणजे मी गेले असते तर मागे मागे फिरण्यापलीकडे माझा काही उपयोग नव्हता. वयाच्या पुराव्याला युनिव्हर्सिटीचं आयडी चालत नाही. पासपोर्ट नाहीतर तिथल्या राज्याचं लायसन्स लागतं. आणि एक नाजूक गोष्ट. नेवाडामध्ये २०१७ पासून गांजा कायदेशीर आहे, स्ट्रिपच्या आसपास दुकानं आहेत. पण केंद्रीय कायद्याने तो अजूनही गुन्हाच आहे, आणि तुमचा स्टुडंट व्हिसा केंद्र सरकारच्या हातात असतो. अमेरिकन मित्राला जे चालतं ते तुम्हाला चालेलच असं नाही.

गंमत म्हणजे आपण फोटोत जे व्हेगास बघतो ते लास व्हेगास शहरात नाहीच! ती हॉटेलांची रांग, म्हणजे स्ट्रिप, शहराच्या हद्दीबाहेर क्लार्क काउंटीच्या पॅराडाइज नावाच्या भागात येते. जुनं डाउनटाउन आणि फ्रीमॉन्ट स्ट्रीट हे खरं शहर. दोन्हींच्या मध्ये 'ड्यूस' नावाची डबलडेकर बस चोवीस तास धावते. तिचा दिवसभराचा पास काढायचा, टॅक्सीचा विचारही करायचा नाही. मोनोरेल आहे, पण ती पूर्वेकडच्या हॉटेलांच्या पाठीमागून जाते आणि एअरपोर्टला जातच नाही.

स्ट्रिप सुमारे पावणेसात किलोमीटर लांब आहे. इमारती एवढ्या प्रचंड की समोरचं हॉटेल दोन मिनिटांवर वाटतं आणि पोचायला वीस मिनिटं लागतात. रस्ता ओलांडायला पूल, पुलावर चढायला सरकते जिने, आणि पूल उतरतो तो बऱ्याचदा कुठल्यातरी हॉटेलच्या दारात! आत गेलं की घड्याळ दिसत नाही, खिडकी दिसत नाही, बाहेर जायचा रस्ता मशीनच्या रांगांमधून वळत वळत जातो. आर्किटेक्चरच्या मुलांनी यावर सेमिनार द्यावा. चांगले बूट घ्या, एवढंच शीटमध्ये लिहिलं होतं.

फुकटात मात्र तिथे भरपूर बघायला मिळतं. मी फुकटची यादी आधी केली आणि उरलेल्या वेळात विकतचं बसवलं. बेलाजिओसमोरची कारंजी १९९८ पासून चालू आहेत. साडेआठ एकरांचं तळं, बाराशेच्या वर नोझल्स, पाणी जास्तीत जास्त ४६० फुटांपर्यंत उडतं. संध्याकाळनंतर दर पंधरा मिनिटांनी गाणं बदलतं. वाळवंटात एवढं पाणी म्हणून मला आधी राग आला होता. नंतर वाचलं की ते तिथल्या जुन्या गोल्फ कोर्सच्या विहिरीचं पाणी आहे. त्याच हॉटेलात आत फुलांचं मोठं कॉन्झर्व्हेटरी आहे, ऋतूप्रमाणे बदलतं, तेही फुकट. फ्लेमिंगोच्या मागच्या बागेत खरेखुरे फ्लेमिंगो. फ्रीमॉन्ट स्ट्रीटवर रस्त्याच्या डोक्यावर आडवा पसरलेला भलामोठा एलईडीचा मांडव. आणि २०२३ मध्ये सुरू झालेलं 'स्फिअर'. ३६६ फूट उंच, ५१६ फूट रुंद गोळा आणि त्याच्या बाहेरच्या अंगावर सुमारे बारा लाख एलईडी पक्स. प्रत्येक पकमध्ये ४८ डायोड. आत जायचं तिकीट आमच्या बजेटबाहेरचं, पण बाहेरचा शो पादचारी पुलावर उभं राहून दिसतो. दादाने तिथून कॉल केला तेव्हा तो गोळा डोळा होऊन आमच्याकडे बघत होता. माझ्या रूमवरच्या चौघी फाईली टाकून स्क्रीनवर वाकल्या!

'वेलकम टू फॅब्युलस लास व्हेगास' ही पाटी १९५९ ची, बेटी विलिस या बाईंनी डिझाइन केलेली. त्यांनी तिचे हक्क कधी राखून ठेवले नाहीत, म्हणून ती सगळ्या जगाच्या टी-शर्टवर दिसते. तिथे फोटोची लाइन असते, सकाळी लवकर जावं.

फुकटच्या नावाखाली पैसे काढणारेही असतात. सुपरहिरोचे कपडे घालून कोणी खांद्यावर हात टाकला तर फोटोनंतर टिप मागणार. कोणी हातात 'फ्री' सीडी दिली तर तेच. आणि हॉटेलच्या दारात कोणी गोड बोलून शोची फुकट तिकिटं देऊ लागला तर ती टाइमशेअरवाल्यांची असतात. दोन-तीन तास फ्लॅट विकायचं भाषण ऐकावं लागतं. खरी स्वस्त तिकिटं हवी असतील तर त्याच दिवसाच्या शोची उरलेली तिकिटं विकणारे काउंटर स्ट्रिपवर आहेत. पोरांनी तिथून ५० डॉलरच्या आत एक जादूचा शो बघितला. पैसे वसूल झाले म्हणाले.

खाण्याबद्दल थोडक्यात. पूर्वी व्हेगासचे बुफे स्वस्ताईसाठी गाजलेले होते, आता ते दिवस गेले. स्ट्रिपवर दिवसाला तीस डॉलर धरा. एक जेवण फूड कोर्टात, बाकी गाडीतून नेलेले ब्रेड, पीनट बटर, केळी आणि मावशीने पाठवलेल्या चकल्या. पाण्याचा क्रेट येताना सुपरमार्केटमधून घ्यायचा. हॉटेलातली बाटली घ्यायची नाही. बसून जेवलात तर बिलावर अठरा-वीस टक्के टिप असतेच, ती धरूनच ऑर्डर द्या.

बेरीज केली. गाडी ८४, खोली ४१, खाणं ९०, बस १०, शो ५०. एकूण २७५. उरले पंचवीस. "म्हणजे कॅसिनोच्या शहरात जाऊन कॅसिनोसाठी पंचवीस डॉलर?" दादा म्हणाला. मी म्हटलं, "होय, आणि ते शोच्या तिकिटासारखे समज. गेलेच."

का गेलेच? हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण एम-थ्रीमध्ये प्रोबॅबिलिटी घोकून पास झाले होते, तिचा उपयोग पहिल्यांदा इथे दिसला.

रूलेटचं चाक घ्या. अमेरिकन चाकावर ३८ खाचा असतात. १ ते ३६, एक शून्य आणि एक डबल शून्य. तुमचा आकडा आला तर ३५ पट मिळतात. सगळ्या ३८ खाचांवर एकेक डॉलर लावा. ३८ डॉलर गेले, जिंकलेल्या खाचेचे ३५ आणि तिथला तुमचा एक, असे ३६ परत आले. दोन डॉलर गेले. दोन भागिले अडतीस, ५.२६ टक्के. यालाच हाउस एज म्हणतात. लाल-काळं खेळा, सम-विषम खेळा, तेच उत्तर येतं. कॅसिनोला चोरी करायची गरजच नाही! वर स्ट्रिपवर बऱ्याच ठिकाणी आता ट्रिपल शून्याचं चाक आहे. ३९ खाचा, पैसे मात्र तेच ३५ पट. तीन भागिले एकोणचाळीस, ७.६९ टक्के. एक खाच वाढली आणि तुमचा तोटा जवळपास दीडपट झाला. चाकाकडे नीट बघितल्याशिवाय बसू नका.

ब्लॅकजॅकमध्येही अशीच बारीक गोष्ट आहे. एक्का आणि दहा किमतीचं पान एकदम आलं की पूर्वी सर्रास तीनास दोन मिळायचे. म्हणजे पंधरा डॉलरवर साडेबावीस. आता कमी रकमेच्या कित्येक टेबलांवर सहास पाच मिळतात, म्हणजे अठरा. साडेचार डॉलरचा फरक, आणि असा हात साधारण एकवीस हातांमागे एकदा येतो. तासाला सत्तर हात झाले तर पंधराएक डॉलर नुसते या एका ओळीने गेले. ती ओळ टेबलाच्या कापडावरच छापलेली असते, पण चिप्स मांडताना कोण वाचतो?

टक्केवारीपेक्षा महत्त्वाचा असतो वेग. पंधरा डॉलरच्या रूलेटवर तासाला चाळीस फेऱ्या धरा. १५ गुणिले ४० गुणिले ५.२६ टक्के, सुमारे ३२ डॉलर. आता 'पेनी स्लॉट' घ्या. नाव पेनीचं, पण एका स्पिनला प्रत्यक्षात ८८ सेंट वगैरे लागतात. तासाला पाचशे स्पिन सहज होतात. मशीन दहा टक्के ठेवतं असं धरलं तर ४४ डॉलर! म्हणजे सगळ्यात स्वस्त दिसणारं मशीन टेबलापेक्षा महाग पडतं. नेवाडाच्या नियमाप्रमाणे मशीनने किमान ७५ टक्के परत द्यायलाच हवेत, म्हणजे पंचवीस टक्के ठेवणारं मशीनही कायदेशीर असू शकतं. आणि स्लॉटवर मोठा जॅकपॉट लागलाच, तर भारतीय विद्यार्थ्याच्या जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के टॅक्स साधारणपणे जागेवरच कापतात. रूलेट, ब्लॅकजॅकला परदेशी माणसाला हा टॅक्स नाही. खेळणाऱ्याला दारू फुकट मिळते ती का, हे वरच्या गणितातून कळलं असेलच.

ही शीट चौघांच्या ग्रुपवर गेली. त्यातल्या एकाने (नाव लिहीत नाही, त्याच्या घरी अजून माहीत नाही) मला मेसेज केला. "ताई, तुमचं बरोबर आहे, पण माझ्याकडे सिस्टिम आहे. लालवर दहा लावायचे. हरलो तर वीस, मग चाळीस, मग ऐंशी. कधीतरी लाल येणारच. आलं की सगळं वसूल आणि वर दहा." तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, पण ताई म्हणतो. या सिस्टिमला मार्टिंगेल म्हणतात आणि ती शेकडो वर्षं जुनी आहे.

मी त्याला उत्तर लिहून पाठवलं होतं. दहापासून सहा वेळा दुप्पट करत गेलं तर १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, एकूण ६३० डॉलर लागतात. लाल न येण्याची शक्यता दर फेरीला ३८ पैकी २०. सलग सहा वेळा न येण्याची शक्यता काढली तर २.१ टक्के, म्हणजे दर ४७ डावांमागे एकदा. शेहेचाळीस वेळा दहा-दहा मिळून ४६० जिंकायचे आणि सत्तेचाळिसाव्याला ६३० घालवायचे. सातव्यांदा ६४० लावू म्हणाल तर टेबलाला कमाल मर्यादा असते, आणि ती नसली तरी खिशाला असते. चाळीस फेऱ्यांच्या वेगाने हे सत्तेचाळीस डाव सरासरी अडीच तासांत होतात. आणि चाकाला आठवण नसते. पाच वेळा काळं आलं म्हणून सहाव्यांदा लाल यायला ते बांधील नाही.

त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. मला वाटलं, पटलं.

सोमवारी रात्री बाकीचे तिघं झोपल्यावर तो एकटा बस पकडून फ्रीमॉन्ट स्ट्रीटला गेला. तिथे दहा डॉलरचं डबल शून्याचं टेबल मिळालं. पहिला पाऊण-एक तास सिस्टिम अगदी चोख चालली. अठरा वेळा दहा-दहा, १८० डॉलर वर! त्याने ग्रुपवर चिप्सचा फोटो टाकला, खाली "ताईंची शीट चुकली" असं लिहिलं. भारतात तेव्हा दुपार होती. मी मेसमध्ये जेवत होते, फोटो बघितला आणि खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की आपलंच कुठेतरी चुकलं. मग काळं, काळं, शून्य, काळं, काळं, काळं. चौथ्या वेळेपासून लागणारे पैसे त्याने एटीएममधून काढले, तिथली फी वेगळी. जानेवारीच्या भाड्याचे पैसे होते ते. हातात १८० राहिले, ४५० गेले. पहाटे तो खोलीत आला तेव्हा दादा जागा होता. दादा म्हणाला, तो काही बोलला नाही, बूट न काढता कॉटवर बसून राहिला.

माझ्या शीटमध्ये एक चूक होतीच. खर्चाचे पैसे आणि भाड्याचे पैसे एकाच कार्डावर नेऊ नका, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. डेबिट कार्ड हॉटेलात देऊ नका लिहिलं, पण घरी ठेवा असं नाही लिहिलं. ठरलेली रोख रक्कम पाकिटात आणि कार्ड खोलीतल्या लॉकरमध्ये, ही ओळ आता वरती टाकली आहे.

मंगळवारी परतीच्या वाटेवर हूवर डॅम. शीटमध्ये मी तो मुद्दाम परतीला ठेवला होता, कारण येताना अंधार झाला असता. स्ट्रिपपासून तासाभरात येतो, धरणावर चालायला पैसे लागत नाहीत. सिव्हिलवाल्यांनो, यासाठी तरी जा. उंची २२१ मीटर, म्हणजे आपल्या कोयनेच्या (१०३ मीटर) दुपटीहून जास्त. बांधकाम १९३१ ला सुरू, १९३५ ला उद्घाटन. एवढं काँक्रीट एकदम ओतलं असतं तर आपोआप थंड व्हायला शंभरच्या वर वर्षं लागली असती, असा त्यांचा अंदाज होता. म्हणून ठोकळे-ठोकळे ओतले आणि त्यांत एक इंची पोलादी पाइप घालून गार पाणी फिरवलं. असा ५८२ मैल पाइप आत पुरलेला आहे, नंतर तो ग्राउटने भरून टाकला. धरण दोन राज्यांच्या सीमेवर आहे. तिथल्या मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाचं, एक अ‍ॅरिझोनाचं. हिवाळ्यात दोन्हींत एक तासाचा फरक दिसतो. बाजूच्या २०१० च्या नव्या पुलावरून गाडीतून धरण दिसत नाही, कठडे आड येतात. गाडी लावून पुलावर चालत जावं लागतं.

नेवाडामध्ये जुगार कायदेशीर झाला तोही १९३१ मध्येच. पण धरणाच्या मजुरांसाठी सरकारने जवळच बोल्डर सिटी वसवली, तिथे जुगाराला बंदी घातली. ती बंदी आजही आहे. आजूबाजूच्या सगळ्या कॅसिनोंच्या मधे हे एक गाव तसंच आहे. पोरांनी उरलेला ब्रेड तिथल्या एका बागेत बसून संपवला. दादा म्हणाला, तिथे तो पहिल्यांदा बोलला, पाइपांबद्दल. मेकॅनिकलचा आहे.

दादाचा शेवटचा आकडा २९३ डॉलर. खाण्यात सात जास्त गेले, कॅसिनोच्या पंचवीसातले अकरा वाचले, बाकी इकडे-तिकडे. जानेवारीच्या भाड्यासाठी तिघांनी दीडदीडशे घातले. तो आता कॅम्पसच्या डायनिंग हॉलमध्ये संध्याकाळची ड्यूटी करतो आणि दर शुक्रवारी तीस डॉलर परत देतो. शीटमध्ये त्यासाठी एक नवा कॉलम केला आहे. अजून सहा हप्ते बाकी आहेत.